थोरली पाती, धाकटी पाती आणि सीनेम

देवासच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका राजाची होती आणि समोरची बाजू दुसऱ्या राजाची. ही थाप नव्हे, इतिहास आहे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंनी अठराव्या शतकात माळव्यात बस्तान बसवलं आणि बरीच वर्षं गोडीगुलाबीनं एकत्र कारभार केला. पुढच्या पिढ्यांना तेवढा दम निघाला नाही. १८४१ नंतर दोन्ही घरांनी आपापला हिस्सा वेगळा चालवायला घेतला. आता वाटणी म्हटलं की नदीच्या अल्याड तू, पल्याड मी, असं काहीतरी माणसाला सुचतं. इथे दोघांच्या जमिनी एकमेकींत अशा घुसलेल्या, की राजधानीच्या रस्त्यावरसुद्धा डावीकडची दिवाबत्ती एका दरबाराची आणि उजवीकडची दुसऱ्याची. पाण्याची व्यवस्थाही दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. सलामी मात्र दोघांना पंधरा-पंधरा तोफांची, म्हणजे त्या बाबतीत कोणी कोणाला डिवचायला नको.

टेकडीवर देवीही दोन. तुळजाभवानी ती बडी माता, चामुंडा ती छोटी माता, आणि दोघी बहिणी. राजांनी देवींचा कित्ता गिरवला, असं म्हणायला वाव आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव तिसरे यांच्याकडे खाजगी चिटणीस म्हणून राहून गेला. पुढे १९५३ साली त्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्याला नाव दिलं ते या टेकडीचंच: ‘द हिल ऑफ देवी’. बिचाऱ्याला एकाच पातीचा कारभार बघायचा होता. दोन्ही बघायला लागला असता तर पुस्तकाऐवजी राजीनामा आला असता.

अशा गावात पत्र टाकणाऱ्याचं काय होत असेल? पाकिटावर नुसतं ‘महाराजा, देवास’ लिहिलं तर ते रस्त्याच्या कुठल्या बाजूला जायचं? इंटरनेटला हा प्रश्न पडत नाही. एका नावापुढे दोन पत्ते लिहिलेले असले तर नावांचे पत्ते सांगणारं डीएनएस आळीपाळीनं कधी हा पुढे करतं, कधी तो. कुरबूर नाही, दरबार नाही, रेसिडेंटाकडे तक्रार नाही. देवासचं दुखणं तिथे एका ओळीत मिटतं. पण आमच्या घराण्याचं मिटलं नाही, कारण आमच्याकडे नावं दोन होती आणि घर एक.

त्याचं असं झालं. आमचे मूळ पुरुष पवारांच्या फौजेबरोबर कोकणातून माळव्यात आले. तलवार चालवायला नव्हे, हिशेब ठेवायला. त्यांच्या दोन मुलांपैकी एक धारच्या पवारांकडे चिकटला, दुसरा देवासच्या. थोरला कुठे गेला आणि धाकटा कुठे, यावर अडीचशे वर्षांत एकमत झालेलं नाही. धारच्या अण्णांकडे एक कागद आहे, देवासच्या आत्याकडे दुसरा. दोन्ही मोडीत आहेत आणि दोघांनाही मोडी येत नाही, त्यामुळे दोन्ही पुरावे अजून भक्कम आहेत. मी इंदूरला राहतो. देवास एका अंगाला पस्तीसेक किलोमीटर, धार दुसऱ्या अंगाला साठेक. भूगोलानंच मला मध्यस्थ केलंय.

तर घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं कित्येक वर्षं चाललं होतं. कागद महागला, छपाई महागली, आणि मुख्य म्हणजे ज्यांना फुकट प्रत हवी अशांचीच यादी लांब झाली. मग पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेला भाचा म्हणाला, “मामा, वेबसाइट करू. वंशावळ, गोत्र, कुलदैवत, फोटो, सगळं एका जागी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुलवृत्तांत सगळ्यांना हवाच असतो, फक्त त्यातली आपली शाखा पहिल्या पानावर हवी असते.

नावावरून गाडी अडली. अण्णांचं म्हणणं, आडनाव आणि पुढे ‘धार’. भोजराजाची धारानगरी, दुसरा बाजीराव पेशवा जन्मला तो धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. आणखी काय पाहिजे? आत्याचं म्हणणं, आडनाव आणि पुढे ‘देवास’. देवासला कुमार गंधर्व राहिले, देशाच्या नोटा देवासच्या बँकनोट प्रेसमध्ये छापतात. “तुमच्या भोजराजानं नोटा छापल्या होत्या का?” असा तिचा बिनतोड सवाल. भाच्यानं दोन्ही डोमेन विकत घेतली. तीनचारशे रुपयांनी शांतता मिळत असेल तर स्वस्त, असं त्याला वाटलं. मुलगा पुण्यात वाढलाय, त्याला माळव्याची कल्पना नाही.

“साइट एकच ठेवू,” तो म्हणाला. “एक डोमेन खरं, दुसऱ्याला सीनेम मारू. देवास टाइप केलं तरी तेच पान, धार टाइप केलं तरी तेच पान.”

आत्यानं लगेच विचारलं, “खरं कुठलं?”

तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. भाच्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

हे सीनेम प्रकरण थोडं उलगडायला हवं. पूर्वी जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. संगणक वाढले, फाइल कोणालाच पुरी पडेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं. कारभार वाटून दिला: ज्याचं डोमेन त्यानं आपल्यापुरती वही ठेवावी. १९८७ साली नियमांचा पक्का मसुदा निघाला, तो थोड्याफार डागडुजीनं आजही चालतो. त्या वहीत ‘ए रेकॉर्ड’ असतं, म्हणजे नावापुढे थेट आकडी पत्ता. आणि ‘सीनेम’ असतं, म्हणजे नावापुढे पत्ता नाहीच, फक्त दुसरं नाव: माझी चौकशी करू नका, त्यांच्याकडे करा. मग विचारणारा पहिल्यापासून त्या दुसऱ्या नावाची चौकशी सुरू करतो. फायदा असा, की घर बदललं तरी पत्ता एकाच वहीत खोडायचा.

सरळ आहे. पण त्यात एक अट आहे, आणि ती वाचताना मला वाटलं की हे अमेरिकेत बसून लिहिणारे लोक आमच्याकडच्या एखाद्या शास्त्रीबुवांच्या हाताखालून गेलेले असावेत. सीनेम झालेल्या नावाजवळ दुसरं काहीही राहता कामा नये. स्वतःचा पत्ता नाही, टपालाची सोय नाही, टिपणं नाही. जे काही असेल ते मूळ नावाचं. आपल्याकडे याला दत्तक म्हणतात. मुलगा दत्तक गेला की जन्मघरच्या इस्टेटीवरचा हक्क संपला. नवं नाव, नवं घर, आणि जुन्या घरातल्या पितळी डब्यावरही डोळा ठेवायचा नाही.

आत्याला नेमका तो डबा हवा होता. म्हणजे तिला ईमेल हवा होता, स्वतःच्या नावाचा आणि शेवटी देवास असलेला. अण्णांना धारचा मिळणार म्हटल्यावर तिला देवासचा मिळायलाच हवा होता. भाच्यानं टपालाचं रेकॉर्ड भरायला घेतलं तर समोरचं पॅनेल लाल अक्षरांत हटून बसलं: याच नावाचं रेकॉर्ड आधीच आहे. एक तर सीनेम, नाही तर टपाल. भाचा समजावत होता, “आत्या, अलायसला स्वतःचं काही ठेवता येत नाही.” आत्या म्हणाली, “मग ते अलायस अण्णांना कर. त्यांना तसंही आत्तापर्यंत स्वतःचं काही ठेवता आलेलं नाही.”

दुसरी अडचण त्याहून जुनी. अण्णांना नावापुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नको. “तीनदा तेच अक्षर म्हणजे तोतरं बोलल्यासारखं वाटतं.” आत्यालाही नको, पण निराळ्या कारणासाठी: अण्णांना नाही ते मलाही नाही. आता नुसतं डोमेन म्हणजे घराण्याचा कर्ता. त्याच्याजवळ डीएनएसच्या दोन नोंदी असाव्याच लागतात: या मुलखाचा कारभारी कोण, आणि वह्या कुठल्या सर्व्हरवर. या नोंदी काढता येत नाहीत, आणि सीनेमला शेजारी कोणी चालत नाही. म्हणून नुसत्या डोमेनला सीनेम मारता येत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू म्हणजे घरातला मधला मुलगा, तो खुशाल द्यावा. कर्ता देता येत नाही. एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये, असं वसिष्ठांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय. इंटरनेटवाल्यांना ते १९८७ साली उमगलं.

आणि तरी, गंमत बघा, देवासनं ते करून दाखवलं. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९३७ पासून देवासच्या गादीवर होते. आई कोल्हापूरची, छत्रपती शाहू महाराजांची कन्या अक्कासाहेब. १९४७ साली कोल्हापूरच्या गादीला वारस हवा झाला आणि देवासचा हा गादीवर बसलेला राजाच दत्तक गेला. विक्रमसिंहराव हे नाव मिटलं, छत्रपती शहाजी महाराज हे नाव सुरू झालं. डीएनएसच्या भाषेत ही शुद्ध बंडखोरी, कर्त्या डोमेनलाच सीनेम. पण गादी रिकामी ठेवली नाही, मुलाला, कृष्णाजीरावांना, देवासच्या गादीवर बसवलं. हल्लीच्या मोठ्या डीएनएस कंपन्या नुसत्या डोमेनसाठी जी ‘फ्लॅटनिंग’ची सोय देतात, ती याच धर्तीवर चालते. आत वहीत सीनेम लिहिलेलं असतं, पण बाहेर कोणी विचारायला आलं की कंपनी स्वतःच मूळ नावाचा पत्ता काढून आणते आणि ए रेकॉर्ड म्हणून समोर ठेवते. गादीवर कोणीतरी बसलेलं दिसतं, रीत मोडल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि टपालही चालू राहतं.

भाच्यानं ती सोय शोधून काढली तेव्हा मला त्याला हे सगळं सांगावंसं वाटलं, पण तो म्हणाला, “मामा, उद्या स्टँडअप आहे.”

इथे कुमारांबद्दल जरा आडवळण घेतो, कारण आत्यानं त्यांना साक्षीला काढलंच होतं. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, बेळगावजवळच्या सुळेभावीचे. कुमार गंधर्व ही लहानपणी मिळालेली पदवी. क्षयाच्या दुखण्यात हवापालट म्हणून १९४८ साली देवासला आले ते कायमचेच. पदवीनं मूळ नाव असं झाकलं की निम्म्या रसिकांना ते नाव होतं हेही ठाऊक नसतं. पण मुलांकडे बघा: मुकुल शिवपुत्र आणि कलापिनी कोमकली. मूळ नावाचा एक तुकडा एकाकडे, दुसरा दुसरीकडे. वहीतली नोंद पुसली गेली नव्हती, विचारणारे कमी झाले होते इतकंच.

आणि धारवाल्यांनी फार तोरा मिरवू नये. पिथमपूर हे एवढं मोठं औद्योगिक शहर धार जिल्ह्यात आहे. तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्याला विचारा कुठे असतोस, तो सांगणार इंदूर. अण्णांचा थोरला मुलगाही तिथेच नोकरीला आहे. त्याच्या कार्डावर ‘इंदूर’ छापलंय, आणि अण्णा ते कार्ड मांडीखाली दडवून कुलवृत्तांताच्या बैठकीला बसतात. राहणार इंदूरचा, कारखाना धारचा, आणि वंशावळीत आपण थोरले.

बैठक माझ्याकडे, इंदूरला ठरली होती. पोहे झाले, जिलबी झाली, सेव तर बोलण्याबरोबर चालूच होती. कोण खरं आणि कोण अलायस यावर सूर चढले, तेव्हा देवासच्या काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तोडगा काढला. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. म्हणाले, “असं करा ना भाई, कोणी लहान नको कोणी मोठं नको. देवासनं धारकडे बोट दाखवायचं, धारनं देवासकडे. बराबरी झाली.” सगळ्यांना एकदम पटलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा फोनवर होता, तो “अहो पण” म्हणेपर्यंत इकडे पेढे उघडले गेले.

त्यानं तसं करून दाखवलं, माणसं ऐकेनात म्हणून. विचारणारा देवासला गेला, देवास म्हणालं धार. धारला गेला, धार म्हणालं देवास. काही फेऱ्यांनंतर त्यानं हात टेकले आणि पडद्यावर लिहून दिलं की असं काही संकेतस्थळच नाही. काकांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. “चौतीस वर्षं असंच चालवलं आम्ही,” ते म्हणाले, “फक्त आमच्याकडे लोक हात टेकत नसत.”

शेवटी नाणं उडवलं. नाणं अण्णांचं होतं, म्हणून आत्यानं ते बदलून घेतलं. धार खरं निघालं, देवासला फ्लॅटनिंगची सोय आणि टपालाची पूर्ण स्वायत्तता, असा तह झाला. १८१८ साली इंग्रजांनी देवासच्या दोन्ही पात्यांशी मिळून एकच तह केला होता. त्यांना कसं जमलं असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

तह झाला त्या संध्याकाळी धारला साइट दिसली. देवासला दिसली नाही. अण्णांनी फोन करून “आमच्याकडे काय सुंदर दिसतंय” असं तीनदा सांगितलं. आत्यानं फोन केला तो भाच्याला नाही, वकिलाला. भाचा म्हणत होता, “प्रोपगेशन होतंय, थांबा.” हा शब्द ऐकून वाटतं की बातमी दवंडीसारखी गावोगाव निघालीय आणि देवासच्या वेशीपाशी घोडा थकलाय. खरं तर कुठे काही निघत नाही. प्रत्येक रेकॉर्डवर टीटीएल नावाची मुदत असते, सेकंदांत. ८६,४०० लिहिलं म्हणजे एक दिवस. आधी ज्यानं विचारलं त्यानं जुनं उत्तर जपून ठेवलेलं असतं आणि मुदत सरेपर्यंत तो तेच ठामपणे सांगत राहतो. आत्याच्या मोबाइल कंपनीनं दुपारीच विचारून ठेवलं होतं. अण्णांच्या ब्रॉडबँडवाल्यानं त्या दिवशी प्रथमच विचारलं. जो आधी उठला त्याला शिळं मिळालं. हे आत्याला सांगायची हिंमत कोणाचीच झाली नाही.

मुदत सरली आणि देवासलाही पान उघडलं. उघडलं ते लाल त्रिकोण घेऊन: ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ सीनेम असो की फ्लॅटनिंग, ते माणसाला दारापर्यंत पोचवतं, पण वरच्या पट्टीत नाव देवासचंच राहतं. दारातला सर्व्हर विचारतो, कोणाकडे आलात? देवासकडे. इथे तर धारच्या नावाचंच प्रमाणपत्र लावलंय! ब्राउझर लगेच ओरडतो की गडबड आहे. त्या सर्व्हरलाही सांगावं लागतं की बाबा, देवासचेही आपलेच, त्यांच्या नावाचंही प्रमाणपत्र काढ. आत्याचं मत निराळं होतं. तिच्या मते कनेक्शन खाजगी नाही हे यंत्राला आत्ता कळलं, तिला लग्नानंतर पहिल्या दिवाळीला धारला गेल्यावरच कळलं होतं.

मधेच कोणीतरी देवनागरी डोमेनचीही टूम काढली. २०१४ पासून शेवटी ‘.भारत’ असलेली नावं मिळतात. अण्णा खूश झाले. मराठी घराणं, नावही मराठीत. मग भाच्यानं दाखवलं की ‘भारत’ हे डीएनएसच्या वहीत ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं रोमन अक्षरांत लिहिलं जातं, देवनागरी फक्त आपल्या डोळ्यांसाठी. अण्णा बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हे तर माझ्या मोडी कागदासारखंच दिसतंय.” प्रस्ताव बारगळला.

असो. साइट चालू झाली. वंशावळ वर चढली, त्यात दोन्ही मूळ भाऊ एकाच उंचीवर, मध्ये पट्टी धरून मोजून ठेवलेत. आत्याला ईमेल मिळाला. त्यावर आजवर आलेलं टपाल म्हणजे अण्णांची शुभेच्छापत्रं आणि बँकेची कर्जं. सगळं स्थिरस्थावर झालं असं वाटत असतानाच एका रात्री अण्णांचा फोन आला, आवाज पडलेला.

भाच्यानं सुरुवातीला साइटची चाचणी घेण्यासाठी धारच्या नावामागे ‘जुनी’ असं एक उपनाव जोडून त्याला सीनेम मारलं होतं, एका फुकट मिळणाऱ्या क्लाउडवरच्या जागेकडे. चाचणी संपली, ती जागा त्यानं सोडून दिली. सीनेम तसंच राहिलं. आमच्या वहीत बोट अजून तिकडेच दाखवलेलं, आणि तिकडे मोकळी झालेली ती जागा त्याच नावानं दुसऱ्याच कोणी पटकावली. असल्या लटकत्या सीनेमच्या मागावर माणसं असतातच. त्यांना डोमेन विकत घ्यावं लागत नाही, तुमच्या अब्रूवर त्यांचं दुकान उघडतं. तर अण्णांनी हौसेनं ‘जुनी’ उघडलं होतं, पणजोबांचे फोटो असतील म्हणून. आत ऑनलाइन रमी. घराण्याच्या नावाखाली चार राण्या चमकत होत्या आणि पहिल्या डावाला बोनस होता.

भाच्यानं पाच मिनिटांत ती ओळ खोडली. मुदत सरेपर्यंत मात्र रमी दिसत राहणार होती, आणि ती आधी कुठे दिसेनाशी होईल यावर धार आणि देवासमध्ये पुन्हा फोनाफोनी सुरू झाली. आत्या दिवसभर चवताळलेली होती. अण्णांनी तीन पिढ्यांच्या इभ्रतीचं काय झालं ते मला विस्तारानं सांगितलं. रात्री उशिरा काकांचा फोन आला. आत्या झोपलेली असावी, कारण ते कुजबुजत होते.

“काय रे,” ते म्हणाले, “ते बोनसचं खरंय का?”